गाडीचा पत्रा: पोलादाचा की ॲल्युमिनियमचा?

फ्रिजच्या दारावरचं एखादं लोहचुंबक घ्या, मऊ सुती फडक्यात गुंडाळा आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीपाशी जा. फडकं विसरू नका, नाहीतर रंगावर ओरखडा उठेल. चुंबक आधी छताला लावा, मग दारांना, पुढच्या दोन्ही फेंडरना, डिकीच्या झाकणाला आणि शेवटी बॉनेटला. जिथे ओढ लागते तिथे पोलाद. जिथे चुंबक घसरून हातात येतं तिथे ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक. त्या दोघांतला फरक बोटाने टकटक केली की कळतो. सकाळच्या वेळी तळहात टेकवला तर धातू चटकन गार लागतो, प्लास्टिक लागत नाही.

आता तेच चुंबक नंबर प्लेटला लावा. चिकटणार नाही. आपल्याकडची उच्च सुरक्षा नंबर प्लेट नियमानेच १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते. ज्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, त्यांच्या बॉनेटचा बाहेरचा पत्राही साधारण तेवढाच जाड असतो. म्हणजे या धातूचा नमुना प्रत्येकाच्या गाडीवर आहेच.

हा पाच मिनिटांचा खटाटोप मी भेटेल त्या गाडीमालकाला करायला सांगतो. गाडीचा कुठला भाग कुठल्या धातूचा आहे हे ठाऊक नसलं की धडकेपेक्षा मोठं नुकसान पुढे गॅरेजमध्ये होतं, आणि ते दिसायला दोन पावसाळे जावे लागतात. पोलादासाठीची हत्यारं आणि पोलादाची सवय असलेला हात ॲल्युमिनियमवर चालला, की दुरुस्त होऊ शकणारा पत्रा कायमचा बाद होतो.

एक खुलासा आधीच करतो. स्टील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फडताळातले चकचकीत डबे येतात. गाडीचं पोलाद ते नव्हे. गाडीचा पत्रा साध्या, मऊ पोलादाचा असतो. त्याच्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो आणि त्यावर रंगाचे थर. घरातल्या पुष्कळशा स्टीलच्या भांड्यांना चुंबक नीट चिकटतही नाही, गाडीच्या पत्र्याला घट्ट चिकटतं.

भारतात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांवर तुमचं चुंबक बंपर सोडून जवळजवळ सगळीकडे चिकटेल. महागड्या गाड्यांत मात्र चित्र वेगळं दिसतं. २००३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू पाच मालिकेचा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा होता आणि तो मागच्या पोलादी भागाला गोंद आणि रिव्हेट लावून जोडलेला होता. २०१४ साली आलेल्या पिढीच्या मर्सिडीज सी-क्लासचं बॉनेट, फेंडर, दारं, छत आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे. २०१२ पासूनच्या रेंज रोव्हरचा सांगाडाच ॲल्युमिनियमचा आहे. या गाड्या आता सेकंडहँड बाजारात मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात येऊ लागल्या आहेत, म्हणून हा प्रश्न फक्त धनिकांचा राहिलेला नाही.

वजनाचा हिशेब

ॲल्युमिनियम वापरायचं ते वजनासाठी. एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरतं, तेवढंच ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे गाडी तिपटीने हलकी झाली. तसं होत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या तुलनेत तिपटीने कमी ताठ आहे, त्यामुळे तेवढ्याच जाडीचा पत्रा लावला तर बॉनेट बोटाने दाबलं तरी लपकेल. मग जाडी वाढवावी लागते. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जाडी तिप्पट करावी लागत नाही, सुमारे १.४४ पट पुरते. ०.७ मिलिमीटरच्या पोलादाच्या जागी १ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम. हिशेब मांडला तर वजन निम्म्यावर येतं. पोलादाचं १६ किलोचं बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं तर ८ किलोच्या आसपास भरेल.

आता हे ८ किलो १,२०० किलोच्या गाडीत मोजा. वजन १० टक्क्यांनी घटलं तर इंधनाची कार्यक्षमता ६ ते ८ टक्क्यांनी वाढते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. त्या मापाने आपल्या ८ किलोंनी वीस किलोमीटरच्या मायलेजमध्ये शंभर मीटरच्या आसपास भर पडेल. म्हणून विक्रेत्याने ‘बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, ॲव्हरेज चांगला मिळेल’ असं सांगितलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. टायरमधली हवा नीट ठेवली तर त्याहून जास्त इंधन वाचेल.

कंपनी एखादंच बॉनेट ॲल्युमिनियमचं करते त्यामागची कारणं वेगळी असतात. इंजिनामुळे आधीच जड असलेल्या पुढच्या बाजूवरचा भार कमी होतो आणि गाडी वळणावर जरा हलकी वळते. सगळी बॉडीच ॲल्युमिनियमची केली तर आकडे मोठे होतात. अमेरिकेतल्या फोर्डने २०१५ सालच्या एफ-१५० या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा आधीच्या गाडीपेक्षा ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे ३०० किलोंहून अधिक वजन घटल्याचं कंपनीने सांगितलं. २०१२ च्या रेंज रोव्हरबाबत हा आकडा ४२० किलोंपर्यंत होता. विजेच्या गाडीत बॅटरीचं ओझं असल्यामुळे तिथे प्रत्येक किलो मोलाचा ठरतो.

तरीही पोलाद हरलेलं नाही. १९९४ साली ऑडीने ए-८ ही गाडी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभी केली आणि या धातूची वाट रुंद केली. त्याच ए-८ च्या २०१७ सालच्या पिढीत ऑडीने प्रवासी बसतात त्या भागात पुन्हा पोलाद आणलं आणि ॲल्युमिनियमचा वाटा सुमारे ५८ टक्क्यांवर आला. मधल्या काळात तापवून साच्यात दाबलेलं बोरॉनयुक्त पोलाद सर्रास वापरात आलं. ते साध्या पत्र्याच्या कितीतरी पट बळकट असतं, त्यामुळे खांब पातळ ठेवूनही मजबूत करता येतात. आजच्या चांगल्या गाडीत दोन्ही धातू असतात, आपापल्या जागी.

जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी?

शोरूममध्ये गेल्यावर बॉनेटवर मुठीने ठोकून बघायची आपली जुनी सवय आहे. ‘पत्रा जाड आहे’ हा गाडीला दिला जाणारा सर्वांत मोठा मान. ही सवय पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळातली आहे आणि ती आता सोडून द्यायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण तिच्यापायी माणसं चुकीची गाडी सुरक्षित समजून घरी आणतात.

बॉनेट, फेंडर, दाराचा बाहेरचा पत्रा आणि डिकीचं झाकण ही गाडीची कातडी आहे. बॉनेट आणि दोन्ही फेंडर बोल्ट खोलून उतरवले तरी गाडी चालते. अपघातात माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा: काचेच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन दारांमधले खांब, दाराखालची सिल, छताच्या कडा, दारातल्या आडव्या पट्ट्या आणि पुढे घडी होत जाणारा भाग. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत या सांगाड्याची, एअरबॅगची आणि सीटबेल्टची परीक्षा होते. पत्र्यावर कोणी मूठ मारून बघत नाही. बॉनेट तर मुद्दाम दबेल असं बनवतात. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. तेव्हा ते जितकं दबेल तितका त्याचा जीव वाचण्याचा संभव अधिक.

इथे कोणीतरी एसटीचं उदाहरण देईल आणि ते योग्यच आहे. एसटी महामंडळाने गेल्या दशकाच्या उत्तरार्धात लाल परीची ॲल्युमिनियमची बांधणी सोडून माइल्ड स्टीलची बांधणी घेतली, आणि त्यामागे प्रवाशांच्या सुरक्षेचं कारण होतं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत हे काम झालं. पण त्यावरून ॲल्युमिनियम तेवढं कमकुवत असा निष्कर्ष काढू नका. बस उलटली तर छताचं आणि खांबांचं ओझं कोण पेलणार, हा तिथला प्रश्न होता. जुन्या पद्धतीच्या बांधणीपेक्षा पोलादी चौकटीने तो चांगला सोडवला. रेंज रोव्हरचे खांब ॲल्युमिनियमचे असूनही ते टिकतात, कारण त्यांचा आकार, मिश्रधातू आणि जोड वेगळ्या तऱ्हेने ठरवलेले आहेत. धातूचं नाव ऐकून मजबुती ठरवता येत नाही.

डेंटरच्या हातात गेल्यावर

आपल्याकडचा कसलेला डेंटर हा मोठा कारागीर असतो. आतून डॉली धरून बाहेरून हातोडी मारत तो चेपलेला पोलादी पत्रा असा उठवतो की पुट्टीचा हात नावापुरता द्यावा लागतो. आत हात पोचत नसेल तर तो बाहेरून वॉशर वेल्ड करून त्याला हुक लावून ओढतो. पत्रा ताणून सैल झाला असेल तर गॅसच्या ज्योतीने एक ठिपका लाल करतो आणि ओल्या फडक्याने गार करून आकसून घेतो. पोलाद त्याला साथ देतं. ते मूळ आकाराकडे परत जायला बघतं आणि चुकलं तर दुसरी संधीही देतं.

ॲल्युमिनियमवर यातली एकही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. साध्या स्पॉटर यंत्राने त्याच्यावर वॉशर चिकटतच नाही. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या खिळ्या आणि वेगळं यंत्र लागतं. थंड असताना ठोकत गेलं की हा पत्रा दर फटक्याला कडक होत जातो आणि घडीच्या रेषेवर चिरतो. म्हणून ओढण्याआधी त्याला बेताने ऊब द्यावी लागते, आणि नेमकी इथेच गफलत होते. पोलाद तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ते ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि वितळायच्या क्षणापर्यंत रुपेरीच दिसतं. शिवाय बाहेरच्या पत्र्यासाठी जे मिश्रधातू वापरतात, त्यांना कारखान्यात रंग भाजताना मिळालेल्या उष्णतेने बळकटी आलेली असते. गॅसची ज्योत लावली तर ती बळकटी निघून जाते आणि पत्रा वरून ठीक पण आतून मऊ राहतो. जाणता कारागीर हॉट एअर गन वापरतो, तापमान मोजत जातो आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेला थांबतो. ही मर्यादा लाल होण्याच्या कितीतरी अलीकडची असते.

वेल्डिंगचंही तसंच. आपल्या गॅरेजमध्ये सीओटू वेल्डिंग चालतं. ॲल्युमिनियमला ते चालत नाही, त्याला आर्गॉन वायू आणि त्या कामाचं यंत्र लागतं. धातूवर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो २,००० अंशांच्याही वर वितळतो आणि खालचा धातू ६६० ला. पापुद्रा नीट साफ न करता झाळ धरली की वरचं टिकतं आणि खालचं गळून पडतं.

आणि मग धूळ. पोलादावर चालवलेलं ग्राइंडर, तोच पॉलिश पेपर किंवा तोच वायर ब्रश ॲल्युमिनियमवर घासला तर लोखंडाचे बारीक कण त्याच्यात रुततात. वर रंग चढतो, गाडी सुंदर दिसते आणि काही महिन्यांनी रंगाखाली फुगवटे येऊ लागतात. म्हणून चांगल्या कार्यशाळेत ॲल्युमिनियमसाठी वेगळी खोली किंवा पडदा लावलेला कोपरा असतो आणि हत्यारांची वेगळी पेटी असते. हे चोचले नाहीत. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. ती लोखंडाच्या गंजात मिसळली तर पेटल्यावर धातू वितळवणारी आग होते. रेल्वे रूळ जोडायला हेच मिश्रण वापरते. दोन्ही धातूंची धूळ एकाच व्हॅक्यूममध्ये ओढणाऱ्या गॅरेजात माझी गाडी तर मी देणार नाहीच, पण तिथे काम करणाऱ्या मुलांची काळजी मला जास्त वाटते.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. अलिबागकडे एका वाडीत गाडी उभी होती आणि बॉनेटवर नारळाची झावळी पडली. तळहाताएवढा खळगा. परत आल्यावर नेहमीच्या गॅरेजमध्ये दिली. कारागिराने वॉशर लावून पाहिले, ते लागेनात. मग त्याने रंग खरवडला, खळगा पुट्टीने भरला आणि रंग मारून दिला. संध्याकाळी गाडी नवी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या जागी रंगाला फोड आले, नखाने उचकटले तर खाली पांढरी भुकटी. अख्खं बॉनेट बदलावं लागलं. त्या कारागिराला मी दोष देत नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी त्याला सांगितलंही नव्हतं. तेव्हापासून मी चुंबक जवळ ठेवतो.

तर गाडी टाकायच्या आधी गॅरेजवाल्याला सरळ विचारा: ॲल्युमिनियमसाठी वेगळी हत्यारं आहेत का, ती दाखवता का, आणि या आधी अशी किती कामं केलीत? प्रामाणिक माणूस ‘नाही, आमच्याकडे हे होणार नाही’ असं सांगेल, त्याचा राग मानू नका, आभार माना. बॉनेट, फेंडर, दार यांसारखा बोल्टने बसणारा भाग मोठा चेपला असेल तर बदलणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. मागच्या चाकावरचा पत्रा, छत किंवा सिल हे भाग सांगाड्याला जोडलेले असतात. ॲल्युमिनियमच्या गाडीत ते गोंद आणि रिव्हेटने बसवलेले असले तर अधिकृत कार्यशाळेखेरीज कोणाला हात लावू देऊ नका, मग ती दोनशे किलोमीटरवर असली तरी.

गारपिटीने पडलेले छोटे खळगे रंग न खरवडता आतून सळईने उठवता येतात. पोलादावर हे काम सुरेख होतं. ॲल्युमिनियमवरही होतं, पण हात सावकाश चालवावा लागतो आणि पैसे जास्त पडतात. फुकटची घाई करणाऱ्याला ते देऊ नये.

खर्च किती वाढतो याचा एक मोजलेला दाखला आहे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१५ मध्ये ॲल्युमिनियमची नवी एफ-१५० आणि आदल्या वर्षीची पोलादी एफ-१५० कमी वेगाने एकमेकींवर आदळवल्या. ॲल्युमिनियमच्या गाडीच्या दुरुस्तीला २६ टक्के जास्त खर्च आला. तिथे सुटे भाग सहज मिळतात. आपल्याकडे भाग परदेशातून यायचा असेल तर वाट बघण्याचे दिवसही हिशेबात धरा.

खारं वारं, पावसाळा आणि दोन धातू

‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. मुंबईपासून मालवण-पणजीपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर पूर्ण खरं काय ते समजून घ्यायलाच हवं.

पोलादाचा गंज आपल्या ओळखीचा. तांबडा, फुगणारा, पापुद्रे सोडणारा. तो चाकांच्या कमानीत, दाराच्या खालच्या कडेला आणि खडी उडून रंग टवकलेल्या जागी सुरू होतो. एकदा रंगाखाली शिरला की थांबत नाही. उपायही साधे आहेत. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती काडीने मोकळी करा. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. टवका उडाला तर टचअप पेन आठवड्याच्या आत लावा, दिवाळीची वाट बघू नका.

ॲल्युमिनियम हवेत येताच स्वतःभोवती ऑक्साइडचं पातळ कवच करतं आणि एरवी तेच त्याला राखतं. मीठ मात्र ते कवच भेदतं. आपल्या आज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आमटी-लोणचं ठेवू देत नसत आणि तरीही कुणी ठेवलं तर पातेल्याच्या तळाला टोचल्यासारखे खड्डे पडत. गाडीवरही खारट ओल साचून राहिली की असेच खड्डे पडतात.

त्याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असणं. मध्ये खारं पाणी आलं की त्या दोघांची एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजतं. स्टीलच्या भांड्यात खारट पदार्थ ठेवून वर ॲल्युमिनियम फॉइल लावली, तर दुसऱ्या दिवशी फॉइलला जिथे पदार्थ लागला तिथे भोकं पडलेली दिसतात. ती याच कारणाने. कारखान्यात दोन धातूंच्या मध्ये गोंदाचा किंवा सीलंटचा थर असतो आणि बोल्टना खास मुलामा असतो. आपण बाहेरून ॲक्सेसरी बसवून तो थर फोडतो. ॲल्युमिनियमच्या दाराला किंवा डिकीला भोक पाडून साधा लोखंडी स्क्रू पिळला, क्रोमची पट्टी किंवा कॅमेरा बसवला, की त्या भोकाभोवती पुढे पांढरी भुकटी जमणार. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडूच देऊ नका. बॉनेट काढून परत बसवलं तर मूळचेच बोल्ट आणि वॉशर वापरायला सांगा, हाताला सापडलेले नकोत.

जुन्या लँड रोव्हरची कथा इथे आठवते. १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादावर रेशनिंग होतं, म्हणून तिचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, चासी मात्र पोलादाची. आज त्या गाड्या जतन करणाऱ्या लोकांचा बराच वेळ पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथल्या कडा दुरुस्त करण्यात जातो. तोच धडा आजच्या गाड्यांनाही लागू आहे.

विम्याचं गणित

आपल्याकडच्या सर्वसमावेशक विम्यात बदललेल्या धातूच्या भागावर गाडीच्या वयानुसार घसारा कापतात: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. या तक्त्यात पोलाद आणि ॲल्युमिनियम असा भेद नाही. पण भागाची मूळ किंमत वेगळी असते. समजा साडेचार वर्षांच्या गाडीचं पोलादी बॉनेट १२,००० रुपयांचं असेल तर तुमच्या खिशातून ४,२०० जातील. ॲल्युमिनियमचं ४०,००० चं असेल तर १४,०००. म्हणून ज्या गाडीत ॲल्युमिनियमचे भाग आहेत तिच्यासाठी शून्य घसारा जोडविमा मिळतो तितकी वर्षं घ्याच. पोलादी गाडीसाठी तो घ्यायचा की नाही यावर दोन मतं होऊ शकतात, इथे नाहीत.

सर्व्हेअर गाडी बघायला येईल तेव्हा स्वतः हजर राहा आणि कुठला भाग कुठल्या धातूचा ते त्याला दाखवा. ‘दुरुस्त करा’ की ‘बदला’ हा निर्णय त्याच्या अहवालावर ठरतो आणि ॲल्युमिनियमच्या भागाबाबत तो बदलण्याकडे झुकायला सबळ कारण असतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. जुन्या महागड्या ॲल्युमिनियमच्या गाडीबाबत ही वेळ मध्यम धडकेतही येऊ शकते.

घ्यायची कोणती?

नवी, रोजच्या वापराची गाडी घेणाऱ्याने पत्र्याचा धातू बघून निवड करू नये. चाचणीतले तारे, सर्व्हिस सेंटरचं अंतर आणि सुट्या भागांचा भाव बघा. एकटं बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त ते लक्षात ठेवा.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने, जिथून कंपनीची बॉडी शॉप शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे, सगळी बॉडी ॲल्युमिनियमची असलेली गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोलादी पत्रा आपल्या गावातही दुरुस्त होतो आणि चांगला होतो.

सेकंडहँड महागडी गाडी बघायला गेलात तर चुंबक खिशात हवंच. एकाच प्रकारच्या दोन दारांपैकी एकावर ते चिकटतं आणि दुसऱ्यावर नाही, असं दिसलं तर कुठलं तरी दार बाहेरचं बसवलेलं आहे. पोलादी पत्र्यावर एखाद्या ठिकाणी ओढ मंदावली तर खाली पुट्टीचा जाड थर आहे. ॲल्युमिनियमच्या कडा, बिजागऱ्या आणि बोल्टची डोकी बारकाईने बघा. रंगाखाली किड्यांच्या वाटांसारख्या रेघा किंवा फोड दिसले तर भाव करू नका, गाडीच सोडा.

ज्यांना धातूच्या निवडीत पर्यावरणाचा विचार करायचा आहे त्यांच्यासाठी एवढंच. एक किलो नवं ॲल्युमिनियम गाळायला सुमारे १३ ते १५ युनिट वीज लागते, पण भंगारातून ते परत मिळवायला त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंडाल्कोने २००७ मध्ये घेतलेली नोव्हेलिस ही कंपनी आज जगात सर्वाधिक ॲल्युमिनियम पुन्हा गाळणारी कंपनी आहे आणि मोटारींच्या पत्र्याची मोठी पुरवठादारही. तेव्हा बदललेलं जुनं ॲल्युमिनियमचं बॉनेट गॅरेजच्या कोपऱ्यात सोडून येऊ नका. विम्याच्या दाव्यात त्याची भंगाराची किंमत कापली गेली असेल तर ते मागून घ्या आणि भंगारवाल्याला वेगळं तोलून द्या, लोखंडात मिसळून नाही.

चुंबक फिरवून झालं की एका कागदावर लिहून काढा: बॉनेट अमुक, फेंडर अमुक, दारं अमुक, डिकी अमुक. तो कागद आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत गाडीच्या खणात ठेवा आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. अपघात झाला की गाडी टोइंगवाला नेतो, तुम्ही दवाखान्यात किंवा पोलीस चौकीत अडकलेले असता. तेव्हा हातोडी उचलणाऱ्या माणसाला तो कागद आधी मिळायला हवा.